गणवेशातील गुरुजी : अमेरिकी शाळांतील ‘डेअर’ उपक्रमाचे परीक्षण

गेल्या हिवाळ्यात पाचवीत शिकणाऱ्या माझ्या मुलीच्या दप्तरातून एक पत्रक घरी आले. पुढील दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, स्थानिक पोलीस दलातील एक अधिकारी वर्गात येऊन ‘डेअर’चे, म्हणजे अमली पदार्थांपासून दूर राहण्याचे, पाठ घेतील, त्यासाठी पालकांना काहीही द्यावे लागणार नाही, वही शाळेतच मिळेल आणि शेवटी लहानसा प्रमाणपत्र समारंभ होईल, असे त्यात लिहिले होते. अमेरिकेतच लहानाचे मोठे झालेल्या पालकांना या पत्रकाचे नवल वाटत नाही, कारण त्यांच्यापैकी अनेकांनी स्वतः हे पाठ घेतलेले असतात आणि काळ्या कापडावर लाल अक्षरे असलेला तो टी-शर्ट त्यांच्या चांगल्या आठवणीत असतो. आमच्यासारख्या पुढे येथे येऊन स्थायिक झालेल्या पालकांना मात्र पत्रकावर सही करताना पेन थोडे अडखळते. पोलिसांनी दहा वर्षांच्या मुलांना अमली पदार्थांविषयी शिकवावे ही कल्पना मुळात कोणाची, ती का निघाली आणि तिचा उपयोग होतो का, हे पाहावे म्हणून मी वाचायला बसलो. मुलीचे दहा आठवडे संपेपर्यंत माझे वाचन चालूच होते, आणि हे परीक्षण त्या दोन्हींतून आले आहे.

एखाद्या उपाहारगृहाचे परीक्षण लिहिणे त्या मानाने सोपे असते, कारण जेवण कसे होते हे हात धुताना कळलेले असते. येथे सेवा घेणारे मूल दहा-अकरा वर्षांचे, खर्च करणारे पोलीस खाते किंवा एखादा स्थानिक देणगीदार, समाधान व्यक्त करणारे पालक, आणि सेवा उपयोगी पडली की नाही याचा निकाल लागणार मूल सतरा-अठरा वर्षांचे झाल्यावर. तोपर्यंत कोणीही आपला अभिप्राय बदलायला परत येत नाही. ‘डेअर’ला मिळत आलेले कौतुक आणि ‘डेअर’च्या शास्त्रीय चाचण्यांचे निकाल यांत इतके अंतर का आहे, याचे अर्धे उत्तर मला यातच दिसते.

‘डेअर’ म्हणजे ‘ड्रग अब्यूज रेझिस्टन्स एज्युकेशन’. त्याची सुरुवात १९८३ मध्ये लॉस एंजेलिस येथे झाली. तेथील पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स यांच्या दलाने १९७४ पासून ‘स्कूल बाय’ नावाची मोहीम चालवली होती. तरुण दिसणारे पोलीस विद्यार्थी म्हणून माध्यमिक शाळांत दाखल होत, माल विकत घेत आणि विकणाऱ्यांना पकडून देत. दरवर्षी अटका होत राहिल्या, पण शाळांतील माल काही कमी झाला नाही. विकणाऱ्याला पकडून भागत नसेल तर घेणाऱ्यालाच आधी गाठावे, असा विचार करून गेट्स यांनी शहराच्या शालेय प्रशासनाशी हातमिळवणी केली आणि पहिल्या वर्षी दहा अधिकारी पन्नास प्राथमिक शाळांत शिकवू लागले. अभ्यासक्रम शालेय जिल्ह्यातील (म्हणजे त्या भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेतील) आरोग्यशिक्षण तज्ज्ञ रूथ रिच यांनी तयार केला, आणि तो करताना सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात त्या वेळी चाचणी चालू असलेल्या ‘प्रोजेक्ट स्मार्ट’ या उपक्रमातील बराच भाग उचलला. चाचणी चालू असतानाच उचलला, हे महत्त्वाचे आहे. त्या उपक्रमाचे दोन प्रकार होते : एकात सोबत्यांच्या दबावाला तोंड देण्याचे प्रशिक्षण होते आणि दुसऱ्यात भावना, स्वाभिमान व ताणतणाव यांवर भर होता. पुढे संशोधकांच्या हाती जे निष्कर्ष आले त्यांत हा दुसरा प्रकार निरुपयोगी ठरला, पण तोवर ‘डेअर’ त्याचे अंश घेऊन अनेक शहरांत पोहोचले होते.

पोहोचण्याचा वेग खरोखर थक्क करणारा होता. १९८० च्या दशकात राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन यांचा ‘जस्ट से नो’ (‘फक्त नाही म्हणा’) हा नारा घराघरांत गेला होता, शाळांतील अमली पदार्थविरोधी शिक्षणासाठी १९८६ च्या कायद्याने केंद्राचा निधी उपलब्ध झाला होता, आणि त्या निधीचा काही भाग गणवेशातील अधिकाऱ्यांनी शिकवण्याच्या उपक्रमांसाठी राखून ठेवण्याची तरतूद पुढील दुरुस्तीत आली. ऐन भरात असताना देशातील सुमारे तीन चतुर्थांश शालेय जिल्ह्यांत हे पाठ चालत होते. डॅरेन नावाचा सिंह हे त्याचे बोधचिन्ह झाले, मोटारींच्या मागे त्याचे स्टिकर लागले, आणि पाचवी-सहावीच्या मुलांसाठीचा सतरा पाठांचा मूळ अभ्यासक्रम म्हणजे अमेरिकी बालपणाचा एक टप्पा होऊन बसला. त्याच गेट्स यांनी १९९० मध्ये सेनेटच्या समितीपुढे, अधूनमधून अमली पदार्थ घेणाऱ्यांना गोळ्या घालायला हव्यात असे मत मांडले होते. ज्या माणसाच्या दलाने दहा वर्षांच्या मुलांना समजुतीच्या गोष्टी सांगायला अधिकारी पाठवले, त्याचेच हे मत होते, ही विसंगती मला आजही बोचते. उपक्रमाच्या बाजूने एवढे म्हणता येईल की वर्गात जाणारे अधिकारी या भाषेत बोलत नव्हते.

आता प्रत्यक्ष सेवेकडे वळतो. आज प्राथमिक शाळेत जे शिकवले जाते ते जुन्या सतरा पाठांहून पुष्कळ वेगळे आहे. दहा पाठ आहेत, आणि त्यांत अमली पदार्थांचा थेट विषय पालकांच्या अपेक्षेपेक्षा खूपच कमी येतो. जो येतो तो मुख्यतः दारू आणि तंबाखू यांच्यासंबंधी. बाकीचे पाठ जबाबदारी, धोका आणि परिणाम, सोबत्यांचा दबाव, ताण, ठामपणे बोलणे, देहबोली व ऐकून घेणे, दादागिरी, दुसऱ्याला मदत करणे आणि स्वतःसाठी मदत मागणे यांवर आहेत. सर्वांना बांधणारा धागा म्हणजे निर्णय घेण्याची चार पायऱ्यांची पद्धत : अडचण काय आहे ते नेमके ठरवा, कोणते पर्याय आहेत ते तपासा, एक निवडून कृती करा आणि नंतर आपण केले ते बरोबर झाले का ते पडताळून पाहा. या चार इंग्रजी क्रियापदांच्या आद्याक्षरांतून पुन्हा ‘डेअर’ हाच शब्द तयार होतो, आणि आद्याक्षरांच्या खेळावर अमेरिकी शिक्षणखात्याचे जितके प्रेम आहे तितके क्वचितच दुसऱ्या कशावर असेल.

वही नीटनेटकी आहे, प्रसंग मुलांच्या जगातले आहेत आणि उपदेशाचा सूर बराच खाली आणलेला आहे. शिकवायला येणाऱ्या अधिकाऱ्याला वर्गात उभे राहण्यापूर्वी साधारण ऐंशी तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते, ज्यात बालविकास, वर्गनियंत्रण आणि प्रत्यक्ष पाठ घेऊन दाखवणे यांचा समावेश असतो. आमच्या शाळेत आलेले अधिकारी हे शिकून आल्याचे दिसत होते. ते मुलांना नावाने हाक मारत, प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर देत नसत, आणि जेवणाच्या सुट्टीत मुलांबरोबर चेंडू खेळत. तिसऱ्या आठवड्यानंतर मुलगी रस्त्याने पोलिसांची गाडी जाताना दिसली की हात हलवू लागली. मला ही गोष्ट क्षुल्लक वाटत नाही. परक्या देशात वाढणाऱ्या, वेगळ्या रंगाच्या मुलीला गणवेशाची भीती वाटू नये, यासाठी मी स्वतः दहा तास खर्च केले असते तरी ते साधले नसते.

समारंभाच्या दिवशी मुलांनी निबंध वाचले, प्रमाणपत्रे घेतली, आणि पालकांनी मोबाइल उंच धरून चित्रीकरण केले. शेजारी बसलेल्या एका आईने, आपणही याच वयात असाच निबंध वाचला होता, असे मला सांगितले. पुढे काय झाले, असे विचारण्याचा मोह मी आवरला.

मोह आवरला तरी तो प्रश्न संशोधकांनी फार पूर्वी विचारून ठेवला आहे, आणि एकदा नव्हे, अनेकदा. १९९४ मध्ये सुझन एनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या आठ मूल्यमापनांचा एकत्रित अभ्यास ‘अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ’मध्ये प्रसिद्ध केला. अमली पदार्थांविषयीच्या माहितीत मुलांची प्रगती चांगली होती, तिथे परिणामाचा आकडा (पाठ घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांतील फरकाचे माप; शून्य म्हणजे फरकच नाही) ०.४२ होता, पोलिसांविषयीच्या दृष्टिकोनात तो ०.१३ होता, आणि प्रत्यक्ष सेवनावर फक्त ०.०६, म्हणजे जवळजवळ शून्य. शिक्षक एकटाच बोलत न राहता मुलांना आपापसांत सराव करायला लावणाऱ्या इतर उपक्रमांचा सेवनावरील आकडा याच्या तिप्पट होता. १९९८ मध्ये इलिनॉय राज्यातील सहा वर्षांच्या पाठपुराव्याचा निकाल आला. तिथेही टिकाऊ परिणाम दिसला नाही, उलट उपनगरांतील मुलांमध्ये सेवन किंचित वाढलेले आढळले. १९९९ मध्ये डोनाल्ड लायनम यांच्या गटाने केंटकीतील १,००२ जणांना सहावीनंतर दहा वर्षांनी, वयाच्या विसाव्या वर्षी गाठले. ‘डेअर’ घेतलेले आणि नेहमीचे आरोग्यशिक्षण घेतलेले यांच्यात दारू, तंबाखू, गांजा किंवा इतर पदार्थांच्या बाबतीत फरक नव्हता. ‘डेअर’ घेतलेल्यांचा स्वाभिमान थोडा कमी असल्याचेही त्यात नोंदले गेले. या एका आकड्यावर मी फार भार टाकणार नाही, इतक्या मोजमापांत एखादा आकडा योगायोगानेही असा येऊ शकतो. २००१ मध्ये देशाच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे सार्वजनिक आरोग्याविषयी सरकारतर्फे बोलणाऱ्या प्रमुख डॉक्टरांच्या, अहवालाने हा उपक्रम ‘उपयोग न होणाऱ्या’ यादीत टाकला आणि २००३ मध्ये संसदेच्या हिशेबतपासनीस कार्यालयाने दीर्घकालीन अभ्यास तपासून तोच निर्वाळा दिला.

याच्या जोडीला एक साधे निरीक्षण. मिशिगन विद्यापीठाच्या दरवर्षीच्या पाहणीत, वर्षभरात एकदा तरी गांजा घेतल्याचे सांगणाऱ्या आठवीच्या मुलांचे प्रमाण १९९१ मध्ये ६.२ टक्के होते आणि १९९६ मध्ये १८.३ टक्के. ‘डेअर’ सर्वाधिक पसरलेली हीच वर्षे. ‘डेअर’मुळे ते वाढले असे मी म्हणत नाही आणि म्हणणेही चूक ठरेल; सेवनाच्या लाटा संगीत, किंमत, उपलब्धता आणि धोक्याविषयीची समजूत अशा अनेक गोष्टींनी येतात-जातात. पण पावसाळ्यात छत्री विकणाऱ्याने ती गळत नसल्याचा दावा केला आणि रस्त्यावरचे सगळे भिजलेले दिसले, तर छत्री उघडून पाहण्याचा हक्क गिऱ्हाइकाला असतो.

चांगल्या हेतूने, चांगल्या माणसांनी, इतक्या कष्टाने घेतलेले पाठ फळत का नाहीत, या प्रश्नावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला, आणि मला पटलेली कारणे मुख्यतः दोन आहेत. पहिले वयाचे. पाचवीतील मुलाला सिगारेट नको असते, ती कोणी देऊ केली तर ते तोंड वाकडे करते, आणि ‘नाही म्हणण्याचे आठ प्रकार’ पाठ करणे त्याला सोपे जाते, कारण त्याच्या मनात ‘हो’ आलेलेच नसते. खरी वेळ येते ती तेरा ते सोळा या वयात, आणि त्या वेळी आवाज, उंची, मित्र, वडीलधाऱ्यांविषयीचे मत असे सगळे बदललेले असते. पोहणे शिकवायचे म्हणून मुलाला कोरड्या अंगणात हातपाय हलवायला लावावे आणि पाच वर्षांनी नदीवर न्यावे, तसा हा प्रकार आहे. मध्ये उजळणी झाली तर काही शिल्लक राहते. पण दहा पाठ देऊन थांबणाऱ्या शाळाच जास्त.

दुसरे कारण जरा सूक्ष्म आहे. एखाद्या मुलाला आठवड्यामागून आठवडे नकाराचा सराव करायला लावला, की त्याच्या मनात एक चित्र तयार होते : बाहेर सगळे घेतात, सगळे आग्रह करतात, आणि मला एकट्याला अडून राहायचे आहे. हे चित्र खोटे असते. मुले आपल्या सोबत्यांतील सेवनाचे प्रमाण नेहमीच प्रत्यक्षापेक्षा जास्त समजतात, आणि ज्या उपक्रमांनी ही समजूत आकडे दाखवून दुरुस्त केली ते अधिक यशस्वी ठरले, असे विल्यम हॅन्सन आणि जॉन ग्रॅहम यांच्या १९९१ च्या अभ्यासातून पुढे आले. बहुतेक जण घेत नाहीत, हे वाक्य मुलाला नकाराच्या आठ प्रकारांपेक्षा जास्त बळ देते. शिवाय पहिला घोट किंवा पहिली गोळी देणारा माणूस गल्लीतला अनोळखी इसम क्वचितच असतो. तो बहुधा मित्राचा मोठा भाऊ असतो, किंवा घरच्याच न्हाणीघरातील औषधांचे कपाट असते.

आणि आता तर त्या गोळीचा हिशेबच बदलला आहे. अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी दलाने २०२२ मध्ये प्रयोगशाळेत तपासलेल्या, फेंटॅनिल हे अफूसारखे पण अतिशय तीव्र कृत्रिम औषध असलेल्या बनावट गोळ्यांपैकी दर दहांतील सहांत जीवघेणी ठरू शकणारी मात्रा होती. अशी मात्रा म्हणजे सुमारे दोन मिलिग्रॅम, पेन्सिलीच्या टोकावर मावेल इतकी. ज्या काळात एक चूक सुधारण्यासाठी मूल जिवंत राहील याची खात्री होती, त्या काळात रचलेल्या नकाराच्या धड्यांना या गोळीपुढे मर्यादा आहेत. हे पाचवीत किती आणि कोणत्या शब्दांत सांगावे याविषयी माझेही मत पक्के नाही, पण कधीतरी, कोणीतरी सांगायला हवे.

गणवेशाबद्दल माझे मत दुभंगलेले आहे. अधिकारी वर्गात आला की मुले ऐकतात, हे मी पाहिले. पण ज्या घरात आई किंवा वडील व्यसनात आहेत त्या घरचे मूल या गणवेशापुढे काय बोलणार, हा प्रश्न उरतोच. जुन्या पद्धतीत वर्गात एक पेटी ठेवलेली असे आणि मुले त्यात निनावी प्रश्न टाकत. घरच्यांविषयी बोलायचे असेल तर नाव न घेता ‘माझ्या ओळखीचे एक जण’ असे म्हणायला शिकवले जाई. ही काळजी घेऊनही १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला काही मुलांनी आईवडिलांविषयी अधिकाऱ्यांना सांगितले आणि त्यांच्या घरांवर छापे पडले. १९९१ मधील मेन राज्यातील अकरा वर्षांच्या एका मुलीचे प्रकरण तर संघीय न्यायालयापर्यंत गेले. मुलाने मदत मागितली तर ती देणाऱ्याचे दुसरे काम अटक करणे हे असते, आणि कितीही मायाळू अधिकारी असला तरी त्याला ते काम विसरता येत नाही. शाळेच्या समुपदेशकाला हा पेच पडत नाही असे नाही, कायद्याने त्यालाही काही गोष्टी कळवाव्याच लागतात. पण त्याच्या कमरेला पिस्तूल नसते.

उपक्रम चालवणाऱ्यांनी टीका कानाआड केली असे म्हणता येणार नाही, आणि परीक्षण न्याय्य असावे म्हणून हे नोंदवतो. २००१ मध्ये रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनने अ‍ॅक्रन विद्यापीठाला १.३७ कोटी डॉलर दिले आणि झिली स्लोबोडा यांच्या मार्गदर्शनाखाली सातवी व नववीसाठी नवा अभ्यासक्रम तयार झाला. शिकवायला ‘डेअर’चेच अधिकारी होते, चाचणी मोठी आणि काटेकोर होती, आणि २००९ मध्ये आलेला निकाल फारच अवघड होता : आधीच गांजा घेणाऱ्या मुलांचे प्रमाण कमी झाले, पण जी मुले सुरुवातीला काहीच घेत नव्हती त्यांच्यात दारू आणि सिगारेट वाढली. तो अभ्यासक्रम बाजूला ठेवण्यात आला. एवढ्या खर्चानंतर स्वतःविरुद्ध गेलेला निकाल जाहीर होणे, ही या क्षेत्रात दुर्मिळ आणि कौतुकाची गोष्ट आहे.

त्याच वर्षी ‘डेअर’ने ‘कीपिन इट रिअल’ स्वीकारले. हा अभ्यासक्रम मायकेल हेक्ट आणि फ्लाव्हिओ मार्सिग्लिया यांनी अ‍ॅरिझोनातील फिनिक्स शहरात, बहुसंख्य मेक्सिकन वंशाची मुले असलेल्या शाळांत उभा केला. मुलांनी स्वतः सांगितलेले प्रसंग घेऊन मुलांनीच केलेल्या चित्रफिती, आणि नाही म्हणणे, कारण सांगणे, टाळणे व तेथून निघून जाणे असे चार मार्ग, ही त्याची रचना. सातवीत त्याचे निकाल आशादायक होते. पण तेथे शिकवणारे वर्गशिक्षक होते, आणि त्याच चमूने पाचवीसाठी केलेल्या आवृत्तीची चाचणी घेतली तेव्हा ती तुलनेच्या गटापेक्षा सरस ठरली नाही. ‘डेअर’ने प्राथमिक शाळांसाठी वेगळी आवृत्ती २०१३ पासून वापरात आणली, तिच्याविषयी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाचवीच्या मुलांत दारू आणि व्हेपिंग (ई-सिगारेट ओढणे) यांवर अनुकूल परिणाम आढळला आहे. पाठ संपल्यानंतरच्या थोड्याच काळाचा तो हिशेब आहे. मुलीच्या वहीमागील मेहनत पाहता तो खरा ठरावा असे मला मनापासून वाटते, पण पहिल्या काही महिन्यांत जुना अभ्यासक्रमही इतका वाईट दिसत नव्हता.

तुलनेसाठी दोन पर्याय सांगतो, म्हणजे शाळेच्या समितीवर असलेल्या वाचकांना काही विचारता येईल. गिल्बर्ट बॉटविन यांचे ‘लाइफ स्किल्स ट्रेनिंग’ माध्यमिक शाळेत तीन वर्षे चालते, पहिल्या वर्षी पंधरा, दुसऱ्या वर्षी दहा आणि तिसऱ्या वर्षी पाच तास, आणि ते शिक्षकच घेतात. उजळणीची सोय मुळातच आहे. दुसरा पर्याय मला जास्त आवडला आणि तो ऐकून पालकसभेत लोक हसतात. ‘गुड बिहेवियर गेम’ हा पहिलीच्या वर्गात खेळायचा खेळ आहे : मुलांचे गट पाडायचे, आरडाओरडा आणि जागेवरून उठणे यांची मोजणी ठेवायची, आणि जो गट शांत राहील त्याला छोटे बक्षीस. अमली पदार्थांचा त्यात उच्चारही नाही. १९८५-८६ मध्ये बाल्टिमोरच्या शाळांतील पहिलीच्या वर्गांत तो खेळला गेला, आणि ती मुले एकोणीस ते एकवीस वर्षांची झाल्यावर पाहिले तेव्हा मुलग्यांमध्ये, विशेषतः लहानपणी दंगेखोर असलेल्यांमध्ये, व्यसनाच्या विकाराचे प्रमाण स्पष्टपणे कमी होते. सहा वर्षांच्या मुलाला आपला क्रम येईपर्यंत थांबायला शिकवणे हे त्याला कोकेनची चित्रे दाखवण्यापेक्षा उपयोगी पडते, असा याचा अर्थ मी घेतो. पण या खेळात टी-शर्ट नसतो, समारंभ नसतो आणि वृत्तपत्रात छायाचित्र येत नाही.

‘डेअर’ टिकले आहे ते याच गोष्टींमुळे, असे मला वाटू लागले आहे. शाळेला ते फुकट मिळते, पोलिसांना आवडते, पालकांना दिलासा देते, नगराध्यक्षांना समारंभात भाषण करता येते, आणि मुलांना गणिताच्या तासापासून सुटका मिळते. प्रत्येक जण आपापल्या कसोटीवर समाधानी आहे, आणि ज्या एका कसोटीसाठी हे सुरू झाले ती लावायला तेवढी वर्षे थांबणारे कोणीच नाही. सॉल्ट लेक सिटीचे महापौर रॉकी अँडरसन यांनी २००० मध्ये निष्कर्ष वाचून शहरातील ‘डेअर’ बंद केले, तेव्हा त्यांच्यावर पालकांचाच रोष ओढवला. २०१७ मध्ये देशाचे अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे न्यायखात्याचे प्रमुख, जेफ सेशन्स यांनी टेक्सासमधील ‘डेअर’च्या परिषदेत जाऊन या उपक्रमाची भरभरून स्तुती केली. चाचण्यांचे निकाल दोन्ही वेळी तेच होते.

आमच्या घरी या दहा आठवड्यांचा खरा उपयोग ज्या संध्याकाळी झाला, ती वहीत नव्हती. शनिवारी चार कुटुंबे जमली होती, आणि पाहुणे गेल्यावर मुलीने विचारले, “बाबा, काका बिअर पीत होते. मग ते ड्रग्ज घेतात का?” आमच्या पिढीला ‘व्यसन’ या एकाच शब्दात तंबाखू, दारू, पत्ते आणि वाईट संगत सगळे कोंबून विषय संपवायची सवय आहे. त्या रात्री ते चालण्यासारखे नव्हते. दारू हाही पदार्थच आहे, मोठ्या माणसांना तो कायद्याने चालतो, काहींना त्याची सवय लागते आणि मग त्यांना ती सोडवत नाही, आणि तुझ्या आजोबांच्या तपकिरीचेही तसेच होते, असे सांगताना मला तीन वेळा वाक्य बदलावे लागले. तिने आणखी सहा प्रश्न विचारले. शेवटचा प्रश्न, कोणी दिली तर मी तुला सांगितले तर तू ओरडशील का, हा होता. हे संभाषण ‘डेअर’शिवाय इतक्या लवकर झाले नसते, आणि त्याचे श्रेय मी त्या अधिकाऱ्यांना देतो.

तेव्हा माझा अभिप्राय असा. पोलिसांची ओळख, सभ्य वही, बोलायला निमित्त आणि एक आनंदाचा समारंभ, या अपेक्षेने घेतल्यास ही सेवा उत्तम आहे आणि मी तिला पाचांपैकी चार तारे देईन. मुलाला अमली पदार्थांपासून दूर ठेवणारी लस म्हणून घेतल्यास आजवरच्या पुराव्यावर एका ताऱ्यापुढे जाता येत नाही, आणि एक तारा तोही २०२३ च्या अभ्यासाला थोडा वेळ देण्यासाठी. पत्रक आले तर सही जरूर करावी. मुलाला वगळून त्याला वर्गाबाहेर बसवण्यासारखे यात काही नाही. सही करून झाल्यावर मात्र मुख्याध्यापकांना ई-मेल पाठवून एवढे विचारावे की सातवीत काय शिकवले जाते, ते कोण शिकवते, किती वर्षे शिकवते, आणि त्याची चाचणी कोणत्या वयाच्या मुलांवर झालेली आहे. मी तसा ई-मेल पाठवला आहे. माध्यमिक शाळेत सध्या असे काही नाही, पण आरोग्यशिक्षणाच्या शिक्षिका या विषयावर बैठक घेत आहेत आणि पालकांनी यावे, असे उत्तर आले. बैठक पुढच्या महिन्यात आहे.